तिपो ३३ : एका वाक्यात निकालात काढण्याजोगी गाडी नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पंधरवड्यापूर्वी इटलीच्या शर्यतीच्या गाड्यांवर आलेला पानभर लेख मी दोनदा वाचला. साठच्या दशकातील फेरारी आणि फोर्ड यांच्या चुरशीचे वर्णन त्यात मन लावून केलेले आहे आणि मराठीत या विषयावर इतके सविस्तर कोणी लिहीत नाही, म्हणून लेखकाचे आभारच मानले पाहिजेत. परंतु अल्फा रोमिओच्या ‘तिपो ३३’ या गाडीच्या वाट्याला त्या लेखात एकच वाक्य आले आहे आणि त्या वाक्याचा सूर असा आहे की, फ्रान्समधील ल माँची २४ तासांची शर्यत एकदाही न जिंकलेली ही गाडी म्हणजे एक फसलेला प्रयोग होता. शिवाय लेखासोबतच्या छायाचित्राखालील मजकूरही चुकला आहे. त्याविषयी शेवटी लिहितो. आधी त्या वाक्याविषयी लिहिणे मला भाग आहे.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ३२ वर्षे जोडारी आणि वेल्डिंग शिकवून निवृत्त झालो. शर्यतीच्या गाडीकडे लोक इंजिनाच्या किंवा चालकाच्या बाजूने पाहतात, माझी नजर सवयीने चासीकडे, म्हणजे सांगाड्याकडे जाते. मुलगा नोकरीनिमित्त मिलानला असल्यामुळे २०१८ साली त्या शहराबाहेर आरेसे येथे असलेले अल्फा रोमिओचे संग्रहालय पाहण्याचा योग आला. तिथे या घराण्याच्या गाड्यांपाशी मी अर्धा दिवस काढला. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की तिपो ३३चा इतिहास हा मुळात चार सांगाड्यांचा इतिहास आहे. एक सांगाडा बांधला, तो कुठे कमी पडतो हे शर्यतीत कळले, म्हणून दुसरा बांधला, असे हे दहा वर्षे चालले. अशा गाडीला फसलेला प्रयोग म्हणणे हे त्या कामाला अन्यायकारक आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. फॉर्म्युला वनची पहिली दोन्ही जागतिक अजिंक्यपदे, १९५० चे फारिना यांनी आणि १९५१ चे फान्जिओ यांनी, अल्फा रोमिओच्या गाड्यांतून जिंकली आणि त्यानंतर कंपनीने ग्रां प्री शर्यतींतून अंग काढून घेतले. १९३३ पासून ही कंपनी इटालियन सरकारच्या औद्योगिक पुनर्रचना संस्थेच्या ताब्यात होती आणि सरकारी पैशाने शर्यती खेळाव्यात की लोकांना परवडतील अशा गाड्या बनवाव्यात, हा प्रश्न तिथे सदैव उभा असे. साठच्या दशकात अध्यक्ष जुझेप्पे लुरागी यांच्या काळात कंपनी सावरली आणि शर्यतीचा विचार पुन्हा सुरू झाला. ओराझिओ सात्ता पुलिगा आणि जुझेप्पे बुस्सो यांच्या आरेखन विभागात १९६४ मध्ये ‘१०५.३३’ या क्रमांकाने एक प्रकल्प हाती घेण्यात आला. गाडीच्या नावातले ३३ हे याच क्रमांकाचे शेपूट आहे. त्यामागे दुसरा कोणताही गूढ अर्थ नाही.

पहिला नमुना तयार झाल्यावर पुढचे काम ‘ऑटोडेल्टा’कडे सोपवले गेले. ऑटोडेल्टाची स्थापना कार्लो कीती आणि लुदोविको कित्सोला यांनी १९६३ मध्ये ईशान्य इटलीतील उदिने शहराजवळ केली होती, पुढे तो कारखाना मिलानलगतच्या सेत्तिमो मिलानेझे येथे आला आणि अल्फा रोमिओच्या शर्यत विभागाचे काम पाहू लागला. कीती हे पिस्तोयाचे, पिसा विद्यापीठातून विमानविद्येचे अभियंता झालेले. फिल हिल यांनी १९६१ चे अजिंक्यपद ज्या फेरारीतून मिळवले तिच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फेरारीतील अनेक वरिष्ठ मंडळींसह ते तिथून बाहेर पडले. अंगाने अवाढव्य, कामात झोकून देणारे आणि कारखान्यात भटक्या कुत्र्यांना आसरा देणारे असे हे गृहस्थ होते. तिपो ३३चे गुण आणि दोष हे दोन्ही बऱ्याच अंशी त्यांचेच आहेत.

आता पहिल्या सांगाड्याकडे येतो, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच सुरू होते. त्या काळी शर्यतीच्या गाडीचा सांगाडा एक तर अंगठ्याएवढ्या बारीक पोलादी नळ्यांची जाळी करून बांधत, नाही तर पत्र्याची पेटी करून. अल्फाच्या लोकांनी या दोन्ही वाटा सोडल्या आणि हलक्या मिश्रधातूच्या तब्बल २०० मिलिमीटर व्यासाच्या नळ्या घेऊन इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा, पण दोन्ही बाजू सारख्या नसलेला सांगाडा उभा केला. दोन नळ्या गाडीच्या लांबीने दोन्ही कडांना, त्यांना जोडणारी एक आडवी नळी, आणि पेट्रोल कुठे, तर याच नळ्यांच्या पोटात घातलेल्या रबरी पिशव्यांमध्ये. पुढे मॅग्नेशियम मिश्रधातूचा एक मोठा ओतीव भाग बसवून त्यावर पुढच्या चाकांचे सस्पेन्शन बांधलेले होते.

वर्गात मी मुलांना ड्रॉइंग शीट गुंडाळून दाखवीत असे. घट्ट गुंडाळून पेन्सिलीएवढी सुरळी केली तर ती पिळायला सोपी जाते, तोच कागद मनगटाएवढ्या व्यासाची सुरळी करून चिकटवला तर पिळता पिळत नाही. कागद तोच, वजन तेच, फक्त व्यास वाढला आणि पिळाला होणारा विरोध कितीतरी पटीने वाढला. वळणावर गाडीचा सांगाडा जितका कमी पिळवटेल तितकी चाके जमिनीला धरून राहतात, म्हणून हा विचार शास्त्रशुद्ध होता. आरेसेच्या संग्रहालयात मी त्या गाडीच्या दाराशी वाकून पाहिले, तर उंबरठ्याच्या जागी जवळजवळ वीतभर जाडीची ती नळी येते. चालक तिच्यावरून पाय टाकून आत बसत असे आणि बसल्यावर दोन्ही बाजूंना पेट्रोल घेऊन धावत असे. कल्पनेचे मला कौतुक वाटले आणि अंगावर काटाही आला. वेल्डिंग शिकवणाऱ्या माणसाच्या मनात आणखी एक विचार येतो तो असा की, असा सांगाडा एकदा ठोकरला की रातोरात दुरुस्त करून सकाळी पुन्हा उभा करणे किती जिकिरीचे असेल.

या सांगाड्यावर चालकाच्या पाठीमागे १९९५ सीसीचे व्ही-८ इंजिन बसवले होते. मिनिटाला ९,६०० फेऱ्यांवर ते २७० अश्वशक्ती देई आणि गाडीचे वजन सुमारे ५८० किलो होते. इंजिनाला हवा पुरवणारा एक नळ छतावर पाणबुडीच्या पेरिस्कोपसारखा उभा असल्यामुळे या पहिल्या अवताराला ‘पेरिस्कोपिका’ असे नाव पडले. १२ मार्च १९६७ रोजी बेल्जियममधील फ्लेरॉं येथील घाटाच्या शर्यतीत तेओदोरो झेक्कोली यांनी ती पहिल्यांदा स्पर्धेत उतरवली आणि जिंकूनही दाखवली. घाटाची शर्यत काही मिनिटांची असते, लांब पल्ल्याची शर्यत काही तासांची असते. त्या वर्षी लांब पल्ल्यात गाडी वारंवार मोडली, विशेषतः सस्पेन्शन दगा देत राहिले. आपल्या लेखकाने १९६७ पुरते ‘फसलेली’ म्हटले असते तर मी हे पत्र लिहिलेच नसते.

१९६८ मध्ये मात्र चित्र पालटले. अमेरिकेतील डेटोना येथील २४ तासांच्या शर्यतीत तिपो ३३ने दोन लिटरचा गट जिंकला आणि एकूणात पाचवा, सहावा आणि सातवा क्रमांक मिळवला. या यशामुळे त्या वर्षीच्या गाडीला ‘डेटोना’ हे नावच लागले. सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ या शर्यतीत गाल्ली आणि जुंती दुसरे, तर ल्युसिएं बिआंकी आणि मारिओ कासोनी तिसरे आले. आणि ज्या ल माँवरून या गाडीला नापास ठरवले गेले, तिथेच त्या वर्षी काय घडले ते लेखकाने पाहायला हवे होते. फ्रान्समधल्या मे महिन्यातील उठावामुळे ती शर्यत सप्टेंबरअखेर झाली. दोन लिटरच्या तीन अल्फा चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या आल्या आणि त्यांनी आपला गट जिंकला. त्यांच्या पुढे पाच लिटर इंजिनाची फोर्ड जीटी ४० आणि दोन पोर्शे एवढ्याच गाड्या होत्या. चोवीस तास धावून तीन गाड्या एकापाठोपाठ एक शेवटापर्यंत आणणे ही गोष्ट मोडक्या सांगाड्याने होत नाही.

त्या वर्षीची विजेती फोर्ड पेद्रो रॉड्रिगेझ यांच्यासोबत ज्यांनी चालवली, ते हेच ल्युसिएं बिआंकी होते. एरवी ते अल्फाचे चालक. पुढच्याच वर्षी, ३० मार्च १९६९ रोजी, त्याच ल माँच्या सरळ रस्त्यावर नव्या तीन लिटर तिपो ३३ची चाचणी घेत असताना गाडी ताब्याबाहेर जाऊन खांबावर आदळली आणि बिआंकी जागीच गेले. अल्फाने त्या वर्षीच्या ल माँमधून माघार घेतली. या गाडीने ल माँ का जिंकले नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ही एक तारीख तरी नोंदवायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

ही नवी गाडी म्हणजे ३३/३. तिच्यात मोठ्या नळ्यांचा ‘एच’ सांगाडा सोडून देऊन पत्र्याची पेटी, ज्याला मोनोकॉक म्हणतात, ती आणली गेली आणि इंजिन वाढून २,९९८ सीसीचे, प्रत्येक सिलिंडरला चार झडपांचे, ४०० अश्वशक्तीचे झाले. १९६९ मध्ये अमेरिकेतील सेब्रिंग येथे झालेली तिची पहिली शर्यत निराशेची गेली. १९७० मध्ये तिथेच हेझेमान्स आणि मास्टेन ग्रेगरी तिसरे आले. बाकी ही दोन वर्षे शिकण्यातच गेली आणि त्यांविषयी फार काही सांगण्यासारखे नाही.

१९७१ हे वर्ष मात्र सावकाश सांगण्यासारखे आहे, कारण माझे सगळे म्हणणे त्याच्यावर उभे आहे. त्या वेळच्या नियमांनुसार किमान २५ नग बनवलेल्या गाडीला पाच लिटरपर्यंतचे इंजिन चालत असे, तर एखाद-दुसराच नग असलेल्या प्रोटोटाइप गाडीला तीन लिटरची मर्यादा होती. पोर्शेने एकदम २५ गाड्या बांधून पाच लिटर वर्गात ‘९१७’ उतरवली होती आणि तिची ताकद ६०० अश्वशक्तीच्या घरात होती. म्हणजे अल्फाच्या माणसांना दीडपट ताकदीच्या गाडीशी झुंजायचे होते. ४ एप्रिल रोजी इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथील १,००० किलोमीटरच्या शर्यतीत आंद्रेआ दे आदामिच आणि आंरी पेस्कारोलो यांनी ती झुंज जिंकली. फेरारीची तीन लिटरची नवी गाडी दुसरी आली. ब्रँड्स हॅचचा मार्ग वळणावळणांचा आणि चढउतारांचा आहे, तिथे हलक्या गाडीला फायदा मिळतो, हे मान्य. पण क्रीडागाड्यांच्या जागतिक स्पर्धेत एकूणात पहिला क्रमांक तिपो ३३ला तिथे प्रथमच मिळाला आणि तो कोणी बहाल केलेला नव्हता.

त्यानंतर १६ मे रोजी तार्गा फ्लोरिओ झाली. ही शर्यत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की, ती बंदिस्त मैदानावर होत नसे. सिसिलीतल्या मादोनिए डोंगरांत गावागावांतून जाणारा ७२ किलोमीटरचा सार्वजनिक रस्ता एका फेरीला लागे आणि अशा ११ फेऱ्या मारायच्या असत. आपल्याकडच्या एखाद्या घाटरस्त्यावर, दोन्ही बाजूंना घरांच्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवर माणसे बसलेली असताना, ४०० अश्वशक्तीची गाडी हाकल्यासारखे ते होते. पोर्शेने या रस्त्यासाठी अवजड ९१७ बाजूला ठेवून हलकी ‘९०८/३’ आणली होती. पहिल्याच फेरीत ब्रायन रेडमन यांची गाडी आदळून पेटली आणि ते भाजले. पेद्रो रॉड्रिगेझ यांची गाडीही त्याच फेरीत रस्त्याबाहेर गेली. तिसरी पोर्शे जोरात धावली, पण शेवटपर्यंत टिकली नाही.

अल्फाच्या एका गाडीत डच चालक टॉइन हेझेमान्स यांच्या जोडीला नीनो व्हाक्कारेल्ला होते. व्हाक्कारेल्ला पालेर्मोचे, पेशाने शाळेचे मुख्याध्यापक. हा रस्ता त्यांना आपल्या अंगणासारखा पाठ होता आणि तिथल्या लोकांना ते आपल्या घरातले वाटत. मादोनिएच्या वाटेवरच्या दगडी भिंतींवर लोकांनी पांढऱ्या रंगाने ‘नीनो झिंदाबाद’ अशा अर्थाच्या घोषणा रंगवलेल्या असत. १९६५ ची तार्गा त्यांनी फेरारीतून जिंकली होती. त्या दिवशी अल्फातून ते आणि हेझेमान्स पहिले आले, दे आदामिच आणि व्हान लेनेप यांची अल्फा दुसरी आली. पोर्शेच्या गाड्या अपघाताने बाद झाल्या म्हणून अल्फा जिंकली, असे कोणी म्हणेल. पण ७२ किलोमीटरच्या त्या फेरीत दगडी कठडा चुकवून गाडी परत आणणे हीच तर तार्गाची परीक्षा होती आणि अकरा वेळा ती उत्तीर्ण होणाऱ्यालाच विजेता म्हणत असत. जुलैत अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे दे आदामिच आणि रॉनी पीटरसन यांनी तिसरा विजय मिळवला आणि त्या वर्षीच्या जागतिक क्रमवारीत अल्फा पोर्शेच्या पाठोपाठ दुसरी आली.

१९७२ मध्ये पाच लिटरच्या गाड्या बंद झाल्या आणि सगळ्यांनाच तीन लिटरची मर्यादा आली. ज्या वर्षी अल्फाचे नशीब उघडायला हवे त्याच वर्षी फेरारीने जवळजवळ सगळे काही जिंकले. त्या वर्षीच्या तार्गाची हकीकत माझ्या मनातून जात नाही. फेरारीने मेर्झारिओ आणि मुनारी यांची एकच गाडी पाठवली होती, अल्फाच्या चार होत्या. ऑस्ट्रियाचे हेल्मुट मार्को यांनी शेवटच्या टप्प्यात ७२ किलोमीटरची फेरी ३३ मिनिटे ४१ सेकंदांत काढून फेरारीच्या मागची पिछाडी जवळजवळ संपवली आणि सहा तासांहून अधिक चाललेली शर्यत त्यांनी व गाल्ली यांनी अवघ्या १६.९ सेकंदांनी गमावली. फेरारीचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पण आपल्या लेखात फेरारीच्या १९७२ च्या यशाला एक पूर्ण परिच्छेद आहे आणि त्यात मार्को यांच्या त्या फेरीचा उल्लेखही नाही. त्या वर्षी ल माँमध्ये दे आदामिच आणि व्हाक्कारेल्ला चौथे आले. जिंकले नाहीत, हे खरे आहे.

याच सुमारास तिसरा सांगाडा आला. ‘३३ टीटी ३’ आणि पुढे ‘३३ टीटी १२’ या नावांतला ‘टीटी’ म्हणजे ‘तेलाइओ तुबोलारे’, नळ्यांचा सांगाडा. जगभर गाड्यांना इंजिनावरून, प्राण्यांवरून, वाऱ्यांवरून नावे देतात. सांगाडा बदलला म्हणून तसे नावातच लिहून टाकणारे लोक मला फार आवडले. पत्र्याची पेटी सोडून ते पुन्हा नळ्यांकडे वळले, पण या वेळी पेट्रोल पोटात घेतलेल्या मोठ्या नळ्यांऐवजी बारीक नळ्यांच्या जाळीकडे. चालकाची बैठक पुढे सरकवली गेली, गिअरबॉक्स मागच्या आसाच्या पुढे आला आणि गाडीचे वजन मधोमध एकवटले. इंजिनही नवे आले, १२ सिलिंडरचे, सहा एका कुशीला आणि सहा दुसऱ्या कुशीला असे आडवे निजवलेले. आडवे इंजिन जमिनीलगत बसत असल्यामुळे गाडीचा भार खाली राहतो. २,९९५ सीसी, ५०० अश्वशक्ती, मिनिटाला ११,५०० फेऱ्या.

१९७४ मध्ये इटलीतील मॉन्झाच्या १,००० किलोमीटरच्या शर्यतीत, घरच्या लोकांसमोर, मेर्झारिओ आणि मारिओ आंद्रेती पहिले आले, आणि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावरही टीटी १२च होत्या. अजिंक्यपद मात्र त्या वर्षी फ्रान्सच्या मात्राकडे गेले आणि त्यानंतर मात्राने शर्यतीतून निवृत्ती घेतली. फेरारी त्याआधीच या शर्यती सोडून फॉर्म्युला वनकडे वळली होती. १९७५ मध्ये अल्फाने गाड्या जर्मनीच्या विली काउझन यांच्या संघामार्फत उतरवल्या आणि मेर्झारिओ, लाफित, बेल, पेस्कारोलो, मास या चालकांनी, संघ ज्या आठ शर्यतींत उतरला त्यांपैकी सात जिंकून, जागतिक अजिंक्यपद मिळवले. मुजेल्लोची शर्यत तेवढी फ्रान्सच्या आल्पिनने जिंकली.

या अजिंक्यपदाविषयी मी प्रामाणिकपणे लिहितो. मात्रा आणि फेरारी असत्या तर सात विजय मिळाले नसते, हे उघड आहे. १९७७ मध्ये चौथा सांगाडा, ‘एससी’ म्हणजे ‘स्कातोलातो’, पेटीसारखा, घेऊन आलेल्या ३३ एससी १२ने मेर्झारिओ, ब्राम्बिल्ला आणि जारिए यांच्या हाती आठच्या आठ शर्यती जिंकल्या, तेव्हा तर मैदान आणखी मोकळे होते. त्या वर्षाला मी विजयांच्या हिशेबात फारसे वजन देत नाही. पण ल माँचा मुद्दा इथे पुन्हा येतो. पेट्रोलच्या टंचाईनंतर ल माँच्या आयोजकांनी इंधनमर्यादेचे स्वतःचे नियम केले आणि १९७५ ची ल माँ जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेत नव्हतीच. ज्या वर्षी अल्फाची गाडी जिंकण्याजोगी होती त्या वर्षी त्या शर्यतीचे गुणच मोजले जात नव्हते. म्हणून केवळ ल माँच्या मापाने हिला मोजणे म्हणजे एखाद्या पैलवानाला, तो ऐन भरात असताना ज्या आखाड्यात उतरलाच नाही, तिथल्या कुस्तीवरून हरलेला ठरवण्यासारखे आहे. तिला मोजायचेच असेल तर १९७१ च्या ब्रँड्स हॅचने आणि तार्गाने मोजावे, जिथे समोर तगडे प्रतिस्पर्धी उभे होते.

फसलेल्या प्रयोगाला वंश नसतो, आणि हिचा वंश मोठा आहे. १९६७ मध्ये याच गाडीवरून रस्त्यावर चालवण्याची ‘३३ स्त्रादाले’ निघाली. फ्रांको स्कालिओने यांनी तिचे अंग रेखले, उंची फक्त ९९ सेंटिमीटर, दारे फुलपाखराच्या पंखांसारखी वर उघडणारी, आणि बनल्या अवघ्या १८. संग्रहालयात तिच्या बाजूला उभे राहिल्यावर तिचे छत माझ्या कमरेशी आले. पुढील दहा वर्षांत बेर्तोने, पिनिनफारिना आणि इतालडिझाइन या गाड्यांचे आकार रेखणाऱ्या इटालियन संस्थांनी आपले नवे आकार आजमावण्यासाठी तिपो ३३चेच सांगाडे घेतले. बेर्तोनेची पाचरीसारखी ‘काराबो’ त्यांतलीच. व्ही-८ इंजिन सौम्य करून ‘मॉन्ट्रियल’ या गाडीत बसवले गेले आणि अशा सुमारे ३,९०० गाड्या लोकांनी विकत घेतल्या. आडवे बारा सिलिंडरचे इंजिन १९७६ पासून ब्रॅबहॅम या संघाच्या फॉर्म्युला वन गाडीत गेले. ते रुंद असल्यामुळे गाडीखालून हवा खेळवून जमिनीला चिकटून राहण्याची युक्ती ब्रॅबहॅमला साधेना, तेव्हा आरेखक गॉर्डन मरे यांनी मागे मोठा पंखा लावून हवा ओढून घेण्याची दुसरी युक्ती काढली. १९७८ ची स्वीडनची शर्यत निकी लाउडा यांनी त्याच पंख्याच्या गाडीतून जिंकली. ही पंख्याची गाडी आपल्या वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल, पण ती का जन्मली याचे उत्तर तिपो ३३च्या पोटात आहे.

आता छायाचित्राविषयी. आपण छापलेल्या छायाचित्राखाली ‘१९७५ ची जगज्जेती, नुर्बुर्गरिंग’ असे लिहिले आहे. १९७५ च्या टीटी १२च्या चालकाच्या डोक्यामागे हवा घेणारा एक उंच डबा उभा असतो आणि तो लांबूनही नजरेत भरतो. आपल्या छायाचित्रातील गाडीला तो नाही, तिची पाठ सपाट आहे, म्हणजे ती आठ सिलिंडरची ३३/३ आहे. शिवाय रस्त्याच्या कडेला दगडी भिंत आहे आणि भिंग लावून पाहिले तर तिच्यावर पांढऱ्या रंगात ‘नीनो’ असे इटालियन अक्षरांत रंगवलेले दिसते. ती भिंत जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगची नाही, सिसिलीतली आहे. पुढील पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, आणि जागा असल्यास गाडीच्या नावासोबत नीनो व्हाक्कारेल्ला यांचेही नाव द्यावे, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक, नाशिक